शिकवून झाल्यावर त्याबद्दल लिहिल्याने शिक्षकाला खरंच फायदा होतो का?

होतो, पण ‘आज तास छान झाला’ एवढंच लिहून काही हाती लागत नाही. एकच प्रसंग घ्या आणि बारकाईने लिहा. माझ्या वर्गात एका मुलीने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं. मी ते खोडून बरोबर उत्तर सांगितलं. संध्याकाळी लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, ‘हे कसं काढलंस?’ असं मी तिला विचारलंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी विचारलं, तर ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवत होती. माणसं कामातून कशी शिकतात याचा अभ्यास करणारे अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये काम करतानाचं चिंतन आणि कामानंतरचं चिंतन असा फरक मांडला. तास चालू असताना थांबून विचार करायला फुरसत कुठली, म्हणून दुसरं लिहूनच करावं. दहा मिनिटं पुरतात. मुलांची नावं मात्र लिहू नका.