विप्रो खरंच अमळनेरची का, आणि अमळनेरकर सगळे करोडपती का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. बंगळूरची एवढी मोठी विप्रो मूळची जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरची, हे खरं का? आणि विप्रोच्या जुन्या शेअरांमुळे अमळनेरात घरटी एक करोडपती आहे असा जो मेसेज फिरत असतो, त्यात तथ्य किती? पहिल्याचं उत्तर सरळ हो. दुसऱ्यातला हिशेब खरा आहे, 'घरटी' तेवढं थाप आहे.

मी चोपड्याचा, पण आजोळ अमळनेरचं, त्यामुळे हा विषय लहानपणापासून कानावर आहे.

२९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला कंपनी काढली. नाव 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड'. प्रेमजी मुळात तांदळाचे व्यापारी. मग अमळनेरच का? तर खान्देशात भुईमूग आणि कपाशी, म्हणजे शेंगदाणा आणि सरकी दारातच. शिवाय सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग गावातून जातो, माल थेट गुजरातेत उतरवता येतो. प्रताप मिलमुळे गिरणीत पाळी करणारा कामगारही गावात होताच. तेलाच्या कारखान्याला आणखी काय लागतं?

कारखान्यात बनायचं वनस्पती तूप. तेल तापवायचं, निकेलची बारीक भुकटी घालून त्यात दाबाखाली हायड्रोजन वायू सोडायचा. पातळ तेल थंड झाल्यावर घट्ट, पांढरं, रवाळ होतं. डालडा म्हणून सगळं घर ज्याला ओळखायचं तोच प्रकार. इथल्या डब्यावर मात्र 'सनफ्लॉवर' हे नाव आणि सूर्यफुलाचं चित्र. तेल शुद्ध करताना जो आंबट गाळ उरतो तो टाकून देण्याऐवजी त्याचा कपड्यांचा साबण व्हायचा, नाव '७८७'. आज कोणी 'आयटी कंपनी' म्हटलं की मला आधी हा साबण आठवतो, त्याला इलाज नाही.

१९६६ मध्ये हाशम प्रेमजी वारले. मुलगा अझीम तेव्हा २१ वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून आला आणि तूप-साबणाच्या धंद्यात बसला. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उठून 'तुझ्याच्याने हे होणार नाही, शेअर विकून मोकळा हो' अशा अर्थाचं सुनावलं, हा किस्सा खुद्द प्रेमजींनीच सांगितलेला आहे. कंपनी १९७७ मध्ये 'विप्रो प्रॉडक्ट्स' झाली आणि १९८२ मध्ये नुसती 'विप्रो'. त्याच सुमारास आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला होता. परकीय कंपन्यांनी इथली मालकी ४० टक्क्यांवर आणावी, असा सरकारचा आग्रह होता आणि ते आयबीएमला मान्य नव्हतं. बाजारात जी पोकळी झाली तिच्यात विप्रो कॉम्प्युटर घेऊन उतरली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आता पैशांचं. १९४६ मध्ये कंपनीने शेअर विकायला काढले, एक शेअर १०० रुपयांचा. गावातल्या व्यापाऱ्यांनी, बऱ्यापैकी शेतकऱ्यांनी, पुढे कामगारांनीही थोडे थोडे घेतले. त्या काळी तोळाभर सोनंही शंभराच्या आसपासच मिळे, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं. खान्देशी माणसाचा जीव सोन्यात, जळगावची सराफी उगाच नाही चालत. माझ्या आजोबांसमोरही सोनं की शेअर हाच प्रश्न आला होता म्हणे. मामाला आजही कोणी छेडलं की एकच वाक्य: "आजानी सोनं लिधं, कागद नही लिधा." सोनंही वाढलंच की, पण मामा ते ऐकून घेत नाही.

मेसेजमधला हिशेब मी कागदावर मांडून पाहिलाय. १९८० साली तुमच्याकडे १०० रुपयांचा एकच शेअर होता असं धरा. १९८१ ला एकास एक बोनस, म्हणजे एका शेअरवर कंपनीकडून आणखी एक, झाले २. १९८५ ला पुन्हा, ४. १९८६ ला शंभराच्या शेअरचे दहा-दहाचे तुकडे केले, ४०. मग १९८७, १९८९, १९९२ आणि १९९५ अशा चार वेळा एकास एक बोनस: ८०, १६०, ३२०, ६४०. १९९७ ला एकावर दोन, म्हणजे १,९२०. १९९९ ला दहाच्या शेअरचे दोन-दोनचे तुकडे, ९,६००. २००४ ला एकावर दोन, २००५ ला एकास एक, २०१० ला तिनावर दोन, की झाले ९६,०००. थांबू नका, २०१७ ला दुप्पट, २०१९ ला तिनावर एक, २०२४ ला परत दुप्पट. एका शेअरचे ५ लाख १२ हजार. भाव अडीचशे धरला तर पावणेतेरा कोटींच्या वर. वर्षोवर्षीचा डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, वेगळाच. तेव्हा आकडा खोटा नाही.

फक्त मेसेज वाचून लोकांचा समज होतो की बोनसनेच श्रीमंत केलं, किंवा शेटजींनी गावाला शेअर फुकट वाटले. तसं काही नाही. बोनस म्हणजे एका भाकरीचे दोन तुकडे, भाकर तेवढीच राहते. एकास एक बोनस मिळाला की भावही निम्म्यावर येतो. पैसा वाढला तो कंपनीचा धंदा वाढला म्हणून, आणि ज्यांनी कागद हातातून सोडला नाही त्यांचाच वाढला. एक गोष्ट तर मेसेजमध्ये कधीच येत नाही: २००० च्या फेब्रुवारीत, आयटीचा फुगा फुगला होता तेव्हा, विप्रोचा भाव दहा हजारांच्या जवळ गेला होता. म्हणजे त्या एका शेअरचे ९,६०० झालेले, किंमत नऊ कोटींच्या घरात. पुढच्या दीडेक वर्षात त्यातलं बहुतेक ओसरलं. नऊ कोटींवरून पावणेतेरा कोटींवर यायला मधे पाव शतक गेलं. ज्याने त्या फेब्रुवारीत विकले तो काही कमी शहाणा नव्हता.

आणि विकणारेच जास्त होते. पोरीचं लग्न, विहीर, घराचा स्लॅब, दवाखाना, ही कारणं. १९७५ सालच्या माणसाला कुठे ठाऊक होतं की तुपाचा कारखाना कॉम्प्युटर विकणार आहे! ज्यांच्याकडे राहिले ती घरं गावात आहेत, पण ती तुम्हाला ओळखू येणार नाहीत. त्यातले एक काका आजोळच्या गल्लीत आहेत. बाजारात भरीताच्या वांग्यांसाठी दहा रुपयांवरून घासाघीस करतात, आणि मुलगा गाडी घ्या म्हणाला तर सायकलला हवा भरून घेतात. शेअर किती, हे त्यांच्या बायकोलाही माहीत नसावं. बाकी अमळनेर हे चारचौघांसारखं तालुक्याचं गाव आहे. बोरी नदी बहुतेक वर्ष कोरडी, लोकांना कपाशीच्या भावाची चिंता.

आणखी एक गंमत. ज्या कारखान्यापासून सुरुवात झाली तो आता शेअर बाजारातल्या विप्रोचा नाहीच. २०१३ मध्ये साबण, दिवे वगैरे धंदे वेगळे काढून 'विप्रो एंटरप्रायझेस'कडे दिले, अमळनेरचा कारखाना तिकडे गेला. ती कंपनी बाजारात नाही. म्हणजे आज तुम्ही विप्रोचा शेअर घेतलात तर त्यात अमळनेर येत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की तुमच्याही आजोबांच्या ट्रंकेत कुठल्याशा कंपनीचे जुने कागद सापडलेत. ते रद्दीत घालू नका. कागदावरचा फोलिओ नंबर, म्हणजे भागधारकाचा खाते क्रमांक, आणि नाव बघा, कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्याला, पत्र टाका. सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी उचलला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ या निधीत गेलेले असतात, पण बुडत नाहीत, वारसाला अर्ज करून परत मागता येतात. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी कॉम्प्युटरवरच्या खात्यात जमा, करावे लागतात. वारस दाखला, मृत्यूचा दाखला, नावातल्या स्पेलिंगचं प्रतिज्ञापत्र, हे सगळं लागेल आणि काही महिने जातील. एजंट म्हणून कोणी निम्मा वाटा मागत आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, अर्ज ऑनलाइन भरता येतो.