तिसरा परिच्छेद तुझा नाही

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा रात्री वाचलं, काल सकाळी पुन्हा वाचलं. पहिले दोन परिच्छेद तुझे आहेत. एक वाक्य अर्ध्यात सोडलंयस, ‘खरं तर’ चार वेळा आलंय, मध्येच चिडली आहेस. तिसरा परिच्छेद तुझा नाही. ‘या प्रश्नाला अनेक पैलू आहेत’ असा तो सुरू होतो आणि ‘संतुलित दृष्टिकोन आवश्यक आहे’ असा संपतो. तू एआयच्या यंत्राला विचारलंस, त्याने दोन्ही बाजूंचे चार-चार मुद्दे दिले, ते तू उतरवून पाठवलेस. यंत्र वापरलंस याचं मला काही नाही. पण पत्रात जिथे तुझं मत यायला हवं होतं, नेमकी तीच जागा तू त्याला दिलीस.

प्रकरण मला समजलंय. एका सहकाऱ्याने कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या नावाने काहीतरी लिहिलं. ते तुला आवडलेलं नाही. त्याला काढून टाकावं असं निवेदन फिरतंय, त्यावर ६३ सह्या झाल्यात, आणि ‘गप्प बसणं म्हणजे त्याची बाजू घेणं’ असं तुला ऐकवलं गेलंय. मुदत शुक्रवारची. तू विचारतेस, सही करू की नको?

व्यक्तिस्वातंत्र्य मोठं असतं, धीर धर, मनाचं ऐक, असलं काही मी लिहिणार नाही. ते तुला ठाऊक आहे, नसतं तर तू मला पत्रच लिहिलं नसतंस. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे. न समजलेल्या मजकुराखाली सही करू नये. आवडत नसलेल्या मजकुराबद्दल मी बोलत नाहीये, न समजलेल्या मजकुराबद्दल बोलतोय.

तू लगेच म्हणशील, निवेदन सोप्या मराठीत आहे, न समजण्यासारखं काय आहे त्यात? मग तू पाठवलेलं वाक्य पुन्हा वाच. ‘सदर व्यक्तीच्या वर्तनामुळे अनेकांच्या भावना दुखावल्या गेल्या असून कामाचे वातावरण बाधित झाले आहे.’ अनेकांच्या म्हणजे कोणाच्या? वर्तन म्हणजे त्याचं कोणतं वाक्य? वातावरण बाधित झालं म्हणजे कोणाचं कोणतं काम अडलं? या वाक्यात कर्ता नाही. शाळेत आपण कर्मणी प्रयोग शिकतो, गुण मिळवतो आणि विसरतो. मोठेपणी तो आपल्याला चहूबाजूंनी घेरून असतो. ‘निर्णय घेण्यात आला.’ ‘कारवाई करण्यात येत आहे.’ ‘असे मानले जाते.’ आणि व्याकरणाने कर्मणी नसलं तरी करणाऱ्याला तसंच लपवणारं, ‘चुका झाल्या.’ माणूस ‘मी चुकलो’ म्हणाला तर त्याला प्रश्न विचारता येतो. ‘चुका झाल्या’ याला काय विचारणार? पाऊस झाला, तशा चुका झाल्या.

भाषाशुद्धीच्या भांडणात मला रस उरलेला नाही. ‘अर्ज’, ‘वकील’, ‘कागद’ हे शब्द बाहेरून आले. सतराव्या शतकात राज्यव्यवहारकोश करून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय घडवले गेले, तरी आपण आजही अर्जच करतो आणि वकीलच लावतो. बोलणाऱ्यांनी ठरवलं ते टिकलं. मला त्यात भाषेचा अपमान दिसत नाही. शब्द कुठूनही येवो, वाक्याला धनी हवा. तुझ्या त्या तिसऱ्या परिच्छेदात सगळे शब्द मराठी आहेत, व्याकरण बिनचूक आहे, आणि ‘तंत्रज्ञान समाजात महत्त्वाची भूमिका बजावते’ हे वाक्य कोणत्याही माणसाने कोणत्याही माणसाला बोलताना ऐकवलेलं नाही.

आता माझं सांगतो. मी तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेन तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे एका वरिष्ठ सहकाऱ्याविरुद्ध असंच निवेदन निघालं होतं. दुपारची वेळ, कागद टेबलावरून टेबलावर फिरत होता, माझ्या आधी ३० सह्या. वरचा मजकूर मी वाचला नाही. म्हणजे डोळे फिरवले. ‘वर्तन’ होतं, ‘वातावरण’ होतं, ‘विश्वासाला तडा’ होता. सगळे मम म्हणत होते, मीही म्हणालो. एकतिसावी सही माझी. तीन आठवड्यांनी तो माणूस गेला. जायच्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. आवाज न चढवता त्याने विचारलं, ‘मी नक्की काय केलं होतं, तेवढं सांगशील?’ मला सांगता आलं नाही. लपवायचं होतं म्हणून नव्हे, मला खरोखरच माहीत नव्हतं. कदाचित त्याने काही वाईट केलंही असेल. पण माझ्या सहीचा तेवढा एक साधा अर्थही माझ्याकडे नव्हता. त्याने मान हलवली आणि तो गेला. नंतर मी त्याला दोनदा पत्र लिहायला बसलो, दोन्ही वेळा कर्मणी प्रयोगात सुरुवात झाली, दोन्ही कागद फाडले. आता तो हयात नाही.

या हट्टाचा उगम तिथे आहे. न समजलेल्या मजकुराखाली सही करू नये.

समूहाचं दडपण किती खोल जातं हे सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसलं. एक रेघ दाखवायची आणि बाजूच्या तीन रेघांतली तिच्याएवढी कोणती ते विचारायचं. लहान मुलालाही जमेल इतकं सोपं. पण खोलीतले बाकी सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देत होते. १८ फेऱ्यांपैकी १२ मध्ये असं केलं. त्या फेऱ्यांतली सुमारे एक तृतीयांश उत्तरं गर्दीमागे गेली, आणि चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेलं नाकारलं. एवढं बहुतेकांना माहीत असतं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. खोलीत आणखी एकाच माणसाने खरं उत्तर दिलं की चुका एक चतुर्थांशावर येत. त्या एकाने बाकीच्यांपेक्षा वेगळं पण चुकीचंच उत्तर दिलं, तरीही चुका घटत. आणि उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी स्वतःपुरतं कागदावर लिहायला दिलं की माणसं सावरत. हे शेवटचं नीट वाच. कागदावर स्वतःचं उत्तर स्वतःच्या हाताने लिहिताना माणूस गर्दीतून थोडा बाहेर येतो. तू मात्र नेमकं तेच काम दुसऱ्याला दिलंस.

यंत्राकडून मत का घेऊ नये हे भावनेने सांगत नाही. भाषेची ही यंत्रं आतापर्यंत लिहिल्या गेलेल्या मजकुरावरून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे शिकून घडवलेली असतात. माहिती शोधायला, हिशेब तपासायला, परक्या भाषेतलं पत्र समजून घ्यायला ती जरूर वापर. मीही वापरतो. पण ‘माझं मत काय असावं’ हे शक्यतेला विचारलंस तर ‘नरो वा कुंजरो वा’च मिळणार. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम या संगणकशास्त्रज्ञांनी ‘एलायझा’ नावाचा छोटा संवाद-प्रोग्राम प्रसिद्ध केला. समोरच्याचीच वाक्यं उलटी फिरवून प्रश्न विचारण्यापलीकडे तो फारसं काही करत नसे. तो तयार होताना त्यांच्या सचिव महिन्यांमागून महिने पाहत होत्या, त्याच्या आत काही नाही हे त्यांना माहीत होतं. तरी त्याच्याशी थोडा वेळ बोलल्यावर त्यांनी वायझेनबाउमना खोलीबाहेर जायला सांगितलं. मला त्या बाईंचं हसू येत नाही. ऐकून घेणारं कोणीतरी हवं ही भूक खरी आहे. तुझीही खरी आहे. म्हणून सांगतो, रात्री बारा वाजता वाटलं तरी मला फोन कर. मी दोन्ही बाजूंचे चार-चार मुद्दे देणार नाही एवढं नक्की.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत मी जुनाट आहे असं तुझ्या पिढीतले काही जण म्हणतात, त्याचं उत्तर मला द्यायचंच आहे. आमच्याकडे चेहरा दाखवून हजेरी लावायची पद्धत आली तेव्हा मी तीन महिने संमतिपत्रावर सही केली नाही. मी तीन प्रश्न लिहून दिले होते. चेहऱ्याची नोंद कुठे राहील, कोण पाहू शकेल, मी काम सोडल्यावर ती कधी पुसली जाईल. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही, तेव्हा हे विचारण्यात आडमुठेपणा कसला? उत्तर येईपर्यंत मी वहीत सही करत होतो आणि टोमणे ऐकत होतो. एका कामातून मला वगळलंही. तीन महिन्यांनी उत्तर आलं, लेखी आलं, समजलं. त्याच दिवशी मी सही केली. यंत्र तेच होतं, चेहरा तोच होता.

आपण दिवसभर ‘सहमत आहे’ दाबत असतो. संकेतस्थळांची खासगीपणाची धोरणं एखाद्याने खरोखर वाचायची ठरवली तर वर्षाला २०० तासांहून जास्त वेळ जाईल, असा अंदाज अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ साली मांडला होता. म्हणजे वाचलं जाणार नाही हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं, तरी त्याला संमती म्हणायचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाला निकाल द्यावा लागला की आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. कोर्टात जाऊन हे सिद्ध करावं लागतं, इथवर आपण आलो. रोज शंभर वेळा न वाचता होकार देणारी बोटं शुक्रवारी निवेदनाशी येऊन अचानक थबकतील अशी अपेक्षा कशी करायची? सवय तिथे लागते आणि उपयोगाला इथे येते. तू सगळी धोरणं वाच असं मी म्हणत नाही. दिवसातून एकदा तरी ‘सहमत नाही’ कुठे लपवलंय ते शोध.

आणि आता जे लिहायचं टाळत होतो ते. हा नियम पाळताना मी एक मित्र गमावला. बारा वर्षांपूर्वी त्याने एक मागणीपत्र आणलं होतं. मागणी न्याय्य होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यात एका माणसाच्या हेतूबद्दल एक वाक्य होतं, त्याला पुरावा नव्हता. मी म्हटलं, ते वाक्य काढ, लगेच सही करतो. तो म्हणाला, आता छापून झालंय, वेळ नाही. मी सही केली नाही. ‘तुला जगापेक्षा स्वतःचे हात स्वच्छ ठेवायची काळजी जास्त,’ एवढं बोलून तो उठला, तो आजतागायत बोललेला नाही. त्याचं वाक्य मला लागलं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. तरीही मी म्हणेन, वाक्य काढायला पाच मिनिटं लागली असती. न्याय्य मागणीच्या पोटात एक अन्याय्य वाक्य घालून ‘घ्या सगळं किंवा सोडा सगळं’ म्हणणं हीसुद्धा जबरदस्तीच. मी वेगळं पत्र माझ्या सहीने पाठवलं होतं, तीच मागणी, ते वाक्य सोडून. हे त्याला कधी कळलं की नाही कोण जाणे. मी ते मुद्दाम सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आज हे लिहिताना वाटतंय. पण सही करायला हवी होती, असं आजही वाटत नाही.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८५९ सालीच बजावलं होतं की राज्याच्या जुलमापेक्षा समाजाचा जुलूम जास्त आत शिरतो आणि त्यातून सुटायच्या वाटा कमी असतात. आपल्याकडे आगरकरांनी मतभेद झाले तेव्हा १८८७ साली ‘केसरी’चं संपादकपद सोडलं, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढलं, आणि लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तुझी कोणी प्रेतयात्रा काढणार नाही. फार तर जेवणाच्या सुट्टीत शेजारची खुर्ची रिकामी राहील. ते सोपं असतं असं मी म्हणत नाही, मी त्या खुर्चीशेजारी बसलोय.

तू मला ‘हो की नाही’ विचारलंस. ते मी सांगणार नाही, आणि याचा तुला राग येईल. तू सही केलीस तरी माझ्या मनातून उतरणार नाहीस, जर त्या माणसाने कोणतं वाक्य लिहिलं, त्याने कोणाचं काय बिघडलं आणि त्यासाठी त्याची नोकरी का जावी, हे त्याच्या तोंडावर सांगता येत असेल. नाही केलीस तर कारण लेखी दे, स्वतःच्या नावाने, चार ओळीत. कर्ता असलेली वाक्यं लिही. आणि त्याचं मूळ लिखाण वाच. सगळं पत्र धुंडाळलं, ते तू स्वतः पूर्ण वाचल्याचा उल्लेख मला कुठे दिसला नाही.

मग तिसरा परिच्छेद पुन्हा लिहून पाठव. शुद्धलेखन तपासू नकोस. मी गुरुवारी रात्री जागा आहे.