फोर्स, कम्पेल, कोअर्स, ऑब्लाइज : सगळेच भाग पाडतात, मग राजीनाम्यात कुठला लिहायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : शब्दकोशात या सगळ्यांसमोर 'भाग पाडणे, सक्ती करणे' एवढंच दिलेलं असतं, तर 'मला राजीनामा द्यावा लागला' हे इंग्रजीत लिहिताना यातला कुठला शब्द घ्यायचा?

मी कोर्टाच्या कागदपत्रांची भाषांतरं करते, त्यामुळे या शब्दांशी जवळपास रोजच गाठ पडते. शब्द निवडताना मी एवढंच बघते : त्या माणसाला 'नाही' म्हणायला जागा किती उरली होती, आणि ती कशामुळे गेली?

फोर्स सगळ्यांत ऐसपैस. धरून ओढलं तरी फोर्स, पैशाच्या अडचणीने घर विकावं लागलं तरी फोर्स. कायद्यात मात्र त्याला बऱ्यापैकी आवळून बांधलंय. दंड संहितेच्या कलम 349 मधली (आता भारतीय न्याय संहितेचं कलम 128) फोर्सची व्याख्या वाचली तर विज्ञानाचं पुस्तक उघडल्यासारखं वाटतं : दुसऱ्याला गती देणं, त्याच्या गतीत बदल करणं किंवा ती थांबवणं. पुढच्या कलमातलं उदाहरण मला फार आवडतं. नदीत बांधून ठेवलेल्या होडीत कुणी बसलाय, तुम्ही मुद्दाम दोर सोडलात आणि होडी प्रवाहाला लागली. त्याला बोटही न लावता तुम्ही फोर्स वापरलात.

आपण मराठीत बोलताना फोर्स भलतीकडेच वापरतो, हे जाता जाता सांगते. 'काकूंनी जेवायला फार फोर्स केला' हा आग्रह झाला, तिथे इंग्रजीत 'इन्सिस्टेड' पुरतं. आग्रहात 'नको' म्हणायची सोय शिल्लक असते, निदान कागदोपत्री.

कम्पेलच्या लॅटिन मुळात हाकण्याचा अर्थ आहे. हाकणारा माणूस असू शकतो, पण पुष्कळदा तो कायदा असतो, पुरावा असतो, ढासळलेली तब्येत असते किंवा स्वतःचं मन असतं. म्हणून या शब्दाला शिवीचा वास नाही. 'कम्पेलिंग आर्ग्युमेंट' तर कौतुक आहे, असा युक्तिवाद की तो मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. राज्यघटनेच्या कलम 20(3) मध्ये हाच शब्द आहे : आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला 'कम्पेल' करता येणार नाही. आता कम्पेल म्हणजे नेमकं किती? मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या 1961 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांपुढे हा प्रश्न आला. केवळ पोलीस कोठडीत होता म्हणून आरोपीला कम्पेल केलं असं मानता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं. दबाव प्रत्यक्ष टाकला गेल्याचं दिसावं लागतं.

कोअर्स हा यातला सगळ्यांत उघड आरोप करणारा शब्द. यात धमकी असते आणि ती देणारा माणूस किंवा संस्था असते. पाऊस तुम्हाला कोअर्स करत नाही, कर्जाचा हप्ता करत नाही, सावकार करू शकतो. व्याकरणही थोडं वेगळं : बाकीच्यांपुढे साधारण 'टू' येतं, कोअर्सपुढे बहुधा 'इन्टू', म्हणजे 'कोअर्स्ड इन्टू सायनिंग'. 1872 च्या करार कायद्याचं कलम 15 सांगतं की करार करवून घेण्यासाठी दंड संहितेने मना केलेलं कृत्य करणं किंवा करायची धमकी देणं, अथवा कुणाची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणं किंवा तशी धमकी देणं, म्हणजे कोअर्शन. यावर मद्रास उच्च न्यायालयात 1917 साली मोठा काथ्याकूट झाला. एका नवऱ्याने आत्महत्येची धमकी देऊन बायको आणि मुलाकडून आपल्या भावाच्या नावे हक्कसोडपत्र लिहून घेतलं होतं. आत्महत्या करणाऱ्याला शिक्षा देणार कशी, तो तर गेला. मग ते कृत्य 'मना केलेलं' म्हणायचं का? बहुमताने ठरलं, म्हणायचं. शिक्षा करता येत नाही म्हणून कृत्याला परवानगी आहे असं होत नाही. एका न्यायाधीशांचं मत वेगळं पडलं. आपल्याकडे घरोघरी 'जीव देईन' म्हणून वाटण्या अडतात, त्यामुळे हा निकाल मला तरी जुना वाटत नाही.

धमकी नाही, पण गुरू, वडीलधारे, डॉक्टर अशा वजनदार माणसाने आपल्या वजनाचा गैरफायदा घेतला, तर ते कलम 16 मधलं 'अन्ड्यू इन्फ्लुअन्स'. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ती भीड यात बरीचशी येते.

ऑब्लाइज म्हणजे बांधून घेणं : कर्तव्याने, कराराने, उपकाराने. शाळेच्या रजेच्या अर्जाखाली आपण डोळे मिटून 'अँड ऑब्लाइज' लिहायचो, ते 'उपकृत करावे' या अर्थाने. कन्स्ट्रेन म्हणजे आवळणं. वकिलाच्या नोटिशीतलं 'वी शॉल बी कन्स्ट्रेन्ड टू' हे आपलं 'नाइलाजास्तव'. वरून सभ्य, आणि पोटात धमकी.

या सीमा पक्क्या नाहीत, हेही खरं. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. भगवती यांनी घटनेच्या कलम 23 मधला, म्हणजे वेठबिगारीला बंदी घालणाऱ्या कलमातला, फोर्स खूप रुंद केला. भूक आणि दारिद्र्य माणसापुढचे पर्याय काढून घेतात, तेव्हा तोही फोर्स; म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करवून घेतलेलं काम ही वेठबिगारीच. चाबूक नव्हता, पहारा नव्हता, मजूर आपल्या पायांनी कामावर येत होते.

आता तुमचं पत्र. तब्येत, बदली, घरची जबाबदारी असं कारण असेल तर 'कम्पेल्ड टू रिझाइन' लिहा आणि ते कारण लगेच पुढच्या वाक्यात द्या, नाहीतर वाचणारा आपल्या मनाने कारण भरतो. 'कन्स्ट्रेन्ड' लिहिलंत तर नाराजी पोचेल, भांडण उघडपणे सुरू होणार नाही. 'फोर्स्ड' हा कंपनीवरचा आरोप म्हणून वाचला जाईल. 'कोअर्स्ड' मात्र तेव्हाच, जेव्हा कुणी, कोणत्या तारखेला, काय धमकी दिली हे तुम्ही मांडू शकता आणि तो मेल किंवा मेसेज तुमच्याकडे जपलेला आहे. तसं असेल तर पत्र पाठवण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा, कारण एकदा सही करून 'वैयक्तिक कारणास्तव' लिहून दिलंत की नंतर धमकी होती हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं.