पँट भिजवायची, पण कशात?

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही सात जण सिंधुदुर्गात, दोडामार्गातल्या तिलारीच्या बाजूला तीन दिवस तंबू टाकून राहणार आहोत. तिथे माकडतापाची गोचीड असते असं ऐकलं. कपड्यांना आणि तंबूला औषध मारून ठेवलं तर ती चढत नाही म्हणतात. एका मित्राचं म्हणणं, शेतीच्या औषधांच्या दुकानातून सायपरमेथ्रिन आणून बादलीत घालायचं, सगळ्यांच्या पँटी बुडवायच्या, स्वस्तात काम होतं. करावं का? माझ्या घरी मांजर आहे, त्याला काही होईल का?
— एक ट्रेकर, डोंबिवली

उत्तर : मित्राला म्हणावं, बाटली आणली असलीस तर परत देऊन ये. शेतीचं सायपरमेथ्रिन पिकावर फवारायला केलेलं असतं. त्यात नुसतं औषध नसतं. ते पाण्यात मिसळावं म्हणून घातलेली द्रावकं असतात, आणि तीही कातडीला जाळतात. अशी पँट घालून तुम्ही घामाघूम होऊन चढणार, मांड्या घासणार. गोचीड राहील बाजूला, पुरळ आधी उठेल.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. हिवताप विभागात कीटक समाहारक, म्हणजे डास-किडे गोळा करणारा, म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली, त्यातली काही गडचिरोलीत. तिथे आम्ही गावोगाव मच्छरदाण्या भिजवून द्यायचो, डेल्टामेथ्रिनमध्ये. आधी साध्या पाण्यात एक दाणी बुडवून ती किती पाणी पिते ते मोजायचं. नायलॉनची असली तर अर्ध्या लिटरच्या आसपास, सुती असली तर कितीतरी जास्त. तेवढ्याच पाण्यात अडीच टक्क्यांच्या औषधाचे दहा मिलिलिटर. दहा चौरस मीटरच्या दाणीला हिशेबानं दर चौरस मीटरमागे पंचवीस मिलिग्रॅम औषध बसतं. मग दाणी सावलीत प्लास्टिकवर आडवी पसरायची. दोरीवर टांगली की औषध ओघळून खालच्या कडेला जमतं आणि वरचा भाग कोरडाच राहतो. एका दुपारी हातात रबरी मोजे तसेच ठेवून मी कपाळावरचा घाम पुसला. रात्रभर तोंडाला मुंग्या. मिरची चोळल्यासारखं, आणि पाणी मारलं की जास्तच. सकाळी उतरलं, पण ती रात्र मी विसरलेलो नाही. औषध मच्छरदाणीचं होतं, माणसाच्या कातडीचं नव्हतं.

कपड्यांसाठी जे वापरतात ते पर्मेथ्रिन. घराणं तेच, पण हा भाऊ जरा सौम्य स्वभावाचा. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलापासून पायरेथ्रम काढत असत. त्याची नक्कल प्रयोगशाळेत करता करता १९७३च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात पर्मेथ्रिन तयार झालं. मूळ अर्क उन्हात लगेच निकामी व्हायचा, हे टिकायला लागलं. कपड्यांसाठी ते अर्धा टक्का, म्हणजे ०.५ टक्के, पाण्यात मिसळून तयार फवाऱ्याच्या बाटलीत येतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सापडणार नाही. ट्रेकचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, किंवा कोणी परदेशातून येत असेल तर आधी सांगून ठेवा. मेडिकलमध्ये पर्मेथ्रिनचं पाच टक्क्यांचं मलम मिळतं, ते खरजेचं आहे. ते कपड्याला थापू नका. घरात डासांवर मारायचा डबाही कपड्यांवर मारू नका.

आता ते कसं चालतं हे कळलं की वापर आपोआप सुधारतो. वासानं गोचीड पळून जात नाही. तिचे पाय औषध लागलेल्या कापडावर पडावे लागतात. मग तिच्या नसा शांत व्हायचं विसरतात, पाय नाचायला लागतात आणि ती गळून पडते. म्हणून औषध तिच्या वाटेत पाहिजे. गोचीड उडत नाही, उडीही मारत नाही. गवताच्या किंवा पाल्याच्या टोकाला पुढचे पाय पसरून बसते आणि तुम्ही घासून गेलात की पकडते. तिथून वर चढत जाते, कापड संपलं की कातडी. म्हणजे बूट, मोजे आणि पँटचा गुडघ्याखालचा भाग यांना सगळ्यात आधी औषध. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये माणसांवर करून पाहिलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. औषध लावलेले बूट-मोजे घालणाऱ्यांना गोचीड चावण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा सत्तर पटींहूनही जास्त कमी निघाली. शर्ट नंतर. आतल्या कपड्यांना अजिबात नाही.

निघायच्या दोन-तीन दिवस आधी गच्चीत किंवा अंगणात, वारा पाठीमागून घेऊन, कपडे टांगून वीतभर अंतरावरून सावकाश फवारा. कापड ओलसर दिसलं पाहिजे, टपटपता कामा नये. दोन्ही बाजू, पँटीचे काठ आतून. सुकायला दोन तास, कोकणातल्या दमटपणात चार धरा. सुकल्यावर वास येत नाही. सहा आठवडे किंवा सहा धुणी, जे आधी होईल तोवर हे टिकतं. म्हणून ट्रेक संपला की ती पँट काळ्या पिशवीत बांधून कपाटात ठेवा. उन्हात आणि हवेत पडून राहिली की औषध फुकट जातं. ड्रायक्लीनला देऊ नका.

मांजराचा प्रश्न बरा विचारलात. मांजराच्या यकृतात हे औषध मोडणारं विकर (एन्झाइम) फार कमी असतं. तुम्हाला ज्याचं काही वाटत नाही त्यानं मांजराला झटके येतात, जीवही जातो. धोका ओल्या औषधाचा आहे. कपडे कोरडे होईपर्यंत बोका दुसऱ्या खोलीत कोंडा, दारावर नखं मारली तरी उघडू नका. सुकलेल्या पँटीची एवढी भीती नाही. तरी ती त्याच्या झोपायच्या जागी फेकू नका. मासे आणि मधमाश्या यांचाही हा शत्रू आहे. फेब्रुवारीत आंब्याला मोहोर असतो, झाडाखाली उभं राहून फवारू नका. आणि तिलारीला पोचल्यावर ती पँट व्हाळात धुवायची नाही. गडचिरोलीत आम्ही बाया-माणसांना हेच सांगून थकायचो, आणि दुसऱ्या दिवशी नवी दाणी नाल्यावर.

तंबूचं म्हणाल तर अख्खा तंबू फवारण्यात अर्थ नाही. वरचं कापड दिवसभर उन्हात असतं. दाराची जाळी, तळाच्या जाड कापडाच्या कडा, तंबू ताणायच्या दोऱ्या आणि पाठपिशवीचा तळ एवढं बाहेरून करा. आत नाही, तिथे तोंड घालून झोपायचं असतं. त्याहून मोठं काम जागेचं. काजूच्या बागेत पडलेल्या पाचोळ्यावर, गुरं बसतात तिथे, माकडांच्या मुक्कामाच्या झाडांखाली तंबू टाकू नका.

कारण भीती खरी आहे. गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा माकडताप पहिल्यांदा १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, त्याचं शास्त्रीय नावही तिथलंच. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ साली आला, आपल्या सिंधुदुर्गात २०१६ पासून दोडामार्गात आणि पुढे बांद्याकडे. गोचिडीची बारीक पिल्लं तीळाएवढी, आणि त्यांचा जोर डिसेंबर ते मे. नेमका काजूचा हंगाम, नेमका तुमचा ट्रेक. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊन फोटो काढू नका, गावातल्या आरोग्य केंद्रात कळवा.

कपड्यावर पर्मेथ्रिन, तसं उघड्या कातडीवर किडे दूर ठेवणारं वेगळं मलम लागतं. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेलं डेपा किंवा डीट, दोन्ही चालतात. डीटचा हात घड्याळाच्या काचेला, चष्म्याच्या फ्रेमला लावू नका, प्लास्टिक विरघळतं. माझ्या चष्म्यावर त्याचा डाग अजून आहे. फिकट रंगाची पँट घ्या, काठ मोज्यात खोचा. फोटोत वेडे दिसाल, दिसा. रोज संध्याकाळी एकमेकांना तपासा : जांघ, काख, कानामागे, कमरपट्ट्याखाली. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढायची. रॉकेल, पेटती काडी, पिळणं, काही नाही. जागा साबणानं धुवा आणि तारीख वहीत लिहा. पुढच्या आठवडा-दहा दिवसांत अचानक ताप, डोकं फुटायची वेळ, अंग मोडून आलं तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आपण जंगलात राहून आलोय. डोंबिवलीत हे सांगितल्याशिवाय कोणाला सुचणार नाही.

प्रश्न : मुलगी कनेक्टिकटला असते. नातवासाठी तिनं ‘किडे येत नाहीत’ अशी पँट विकत घेतली. विषारी पँट लेकराला घालते म्हणून मी ओरडले, ती म्हणते सुरक्षित आहे. मेमध्ये मी तिथे जाणार आहे. कोणाचं खरं?
— एक आजी, सातारा

उत्तर : मुलीचं, आजी. ती ज्या राज्यात राहते तिथल्याच लाइम नावाच्या गावावरून एका गोचीडतापाला नाव पडलंय; १९७५च्या सुमारास तिथल्या मुलांचे गुडघे सुजायला लागले तेव्हा तो उलगडत गेला. ती गोचीड बागेतल्या गवतातही असते. कारखान्यातून औषध लावून आलेले कपडे वेगळे. त्यात पर्मेथ्रिन धाग्याला घट्ट बसवलेलं असतं आणि ते साधारण सत्तर धुण्यांपर्यंत टिकतं. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं अशा कपड्यांना २००३ साली मान्यता दिली, लहान मुलं आणि गरोदर बायका धरून. फक्त ती पँट तुमच्या साडीबरोबर मशीनमध्ये टाकू देऊ नका, वेगळी धुवा. आणि बागेतून आल्यावर कपडे आधी न धुता कोरडेच त्यांच्या ड्रायरमध्ये जोरात गरम करून दहा मिनिटं फिरवायला सांगा. नुसत्या धुण्यानं गोचीड मरेलच असं नाही, कोरड्या उष्णतेनं मरते. अंगावर लाल चकती मोठी होत जाताना दिसली तर वाट बघायची नाही, डॉक्टर. आणि अंगणात काष्टा मारा, पदर गवतावरून ओढत नेऊ नका.

प्रश्न : जुलैत आंबोलीला गेलो होतो. पँटला पर्मेथ्रिन मारलं होतं, तरी दोन्ही पायांना जळवा. औषध खोटं होतं का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : औषध खरं असेल, पाहुणे चुकीचे होते. जळू हा किडा नाही, गांडुळाचा नातलग. गुडघ्यापर्यंतचे दाट विणीचे जळूमोजे घ्या, ते पँटीवरून घालून वर बांधा. तंबाखूचं पाणी मोज्याला लावणारे जुने लोक आहेत, मीही लावलंय; पहिल्या तासाला बरं चालतं, मग पाऊस ते धुऊन नेतो. मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा. चिकटलेली जळू नखानं बाजूला सारून सोडवा. रक्त वाहत राहतं, घाबरू नका, तिनं ते पातळ करून ठेवलेलं असतं. कापूस दाबून धरा आणि चहा घ्या.