पाइपलाइनवरचं काम, आणि नंतर जमिनीखाली राहणारी पाइपलाइन

प्रश्न: नमस्कार. आम्ही सिन्नर तालुक्यातले. आमच्या शिवारातून पेट्रोल-डिझेलची पाइपलाइन जाणार असं कळलंय, माणसं येऊन मोजणी करून, खुणा करून गेली, कागद अजून यायचेत. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतात पोरांना कामं मिळतील, आडवं पडू नका. दुसरे म्हणतात उद्या फुटली तर विहिरी नासतील, आग लागली तर काय करायचं. माझा मुलगा आयटीआय वेल्डर आहे, घरीच बसून आहे, ठेकेदाराच्या माणसाने "लावून घेतो" म्हटलंय. आमचे हे म्हणतात नकोच ती लाइन आणि मी म्हणते पोराचं बघा. रोज भांडण. कुणाचं ऐकायचं?

उत्तर: ताई, तुमच्या घरात दोघंही खोटं बोलत नाहीयेत. पण "लावून घेतो" म्हणजे नेमकं कुठल्या कामावर, किती महिने, कुणाच्या मस्टरवर, पीएफ कापणार का, हे आधी विचारा. कारण या कामाची एक गंमत अशी की ते एका जागी थांबतच नाही. आज तुमच्या शिवारात चर खणणार, पाइपला पाइप जोडणार, एकेक जोडाचा एक्स-रे काढणार, पाइपच्या कोटिंगला कुठे बारीक छिद्र राहिलंय का ते मशीन फिरवून बघणार, मग साइडबूम नावाच्या क्रेनने पाइप चरात सोडून माती ओढणार आणि पुढच्या गावाला. वेल्डर, फिटर, ऑपरेटर ही टोळी बहुतेक वेळा ठेकेदार सोबतच घेऊन येतो आणि गावच्या पोरांना हेल्परकी, राखण, भाड्याचा ट्रॅक्टर, मेसचं काम मिळतं. ते पैसेही पैसेच आहेत, मी नाक मुरडत नाही, पण त्याला कुणी "रोजगार आला" असं म्हणून गावाची मान डोलवून घेत असेल तर थांबा.

अमेरिकेत हाच वाद जवळजवळ बारा वर्षं चालला. कीस्टोन एक्सएल नावाची कच्च्या तेलाची लाइन, कॅनडातल्या अल्बर्टापासून नेब्रास्कापर्यंत. २००८ साली प्रस्ताव आला, ओबामांनी २०१५ ला नाकारली, ट्रम्पनी २०१७ ला मंजूर केली, बायडननी २० जानेवारी २०२१ ला, म्हणजे शपथ घेतली त्याच दिवशी, परवानगी काढून घेतली. प्रत्येक वेळी नोकऱ्यांवरून रान उठलं. आता तिथल्या परराष्ट्र खात्याचाच २०१४ चा अहवाल बघा, बांधकामाच्या काळात थेट कामं, माल पुरवणारे, हॉटेलवाले असे सगळे धरून ४२,१०० नोकऱ्या, त्याही वर्ष-दोन वर्षांच्या. आणि लाइन सुरू झाल्यावर? ५०. त्यातले ३५ कायम आणि १५ कंत्राटी. दोन्ही आकडे एकाच अहवालातले, पण भाषणात पहिलाच यायचा.

म्हणून विरोध करणाऱ्यांचं सगळं बरोबर असंही नाही. तेल लागतंय तोवर ते कशातून तरी जाणारच, पाइपमधून नाही तर टँकरमधून नाहीतर रेल्वेने. ६ जुलै २०१३ ला कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावात कच्च्या तेलाची मालगाडी उतारावरून आपोआप घसरत येऊन उलटली, ४७ माणसं गेली, गावाचा मधला भाग जळून गेला. घोटी-सिन्नर रस्त्यावर एका टँकरमागे दुसरा टँकर बघत ज्याने गाडी चालवलीय त्याला हे वेगळं सांगायला नको. नीट राखलेली पाइपलाइन त्या मानाने सुरक्षित असते असं माझंही मत आहे, फक्त सगळा जोर "नीट राखलेली" यावर आहे.

आणि इथेच मला तुमच्या मुलाचा विचार वेगळा करावासा वाटतो. फुटलेल्या लाइनींच्या चौकशा वाचल्या की दिसतं की नोकरी आणि धोका हे दोन वेगळे हिशोब नाहीयेत. डिसेंबर २०२२ मध्ये आधीपासून चालू असलेली कीस्टोन लाइन कॅन्ससमध्ये फुटली, सुमारे १३,००० बॅरल तेल बाहेर, ओढ्यात. कारण काय निघालं तर वळणाच्या तुकड्याला जिथे पाइप जोडला होता त्या वेल्डला बांधकामाच्या वेळीच बारीक तडा होता, तो दहाएक वर्षं वाढत राहिला. म्हणजे कुणीतरी केलेला एक जोड. मिशिगनमध्ये मार्शल गावाजवळ जुलै २०१० ला एन्ब्रिज कंपनीची लाइन फुटली तेव्हा कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजत होते, तिथल्या लोकांना वाटलं पाइपमध्ये पोकळी झाली असेल, म्हणून त्यांनी पंप पुन्हा चालू केले, एकदा नाही दोनदा. १७ तास गेले. आसपासचे लोक वास येतोय म्हणून फोन करत होते, शेवटी दुसऱ्याच एका गॅस कंपनीच्या माणसाने तेल बघून कळवलं तेव्हा लाइन बंद झाली. तेल कलामाझू नदीत गेलं, जड असल्यामुळे तळाशी बसलं आणि साफसफाईला १०० कोटी डॉलरच्या वर खर्च आला.

आपल्याकडे आंध्रात तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावात २७ जून २०१४ ला गेल (GAIL) या सरकारी गॅस कंपनीची लाइन फुटून पहाटे आग लागली, ती गॅसची होती, तेलाची नव्हे, पण २० पेक्षा जास्त माणसं झोपेत, घराच्या अंगणात होरपळून गेली. तिथेही वास येतो म्हणून लोक आधीपासून सांगत होते. मला हे लिहितानाही राग येतो. वास सगळ्यात आधी गावाला येतो आणि गावाचं सगळ्यात शेवटी ऐकतात.

तर गावाने मागायचं ते हे. लाइन रोज पायी फिरून बघणारे लाइन वॉकर असतात, व्हॉल्व्ह स्टेशनवर माणसं असतात, गंज धरू नये म्हणून पाइपला जो करंट देतात त्याची रीडिंग घेणारे असतात. ही कामं लाइन आहे तोवर राहतात, थोडी असतात पण टिकतात आणि गाव सुरक्षित ठेवतात. ती स्थानिक पोरांना द्या, ट्रेनिंगसकट, असं ग्रामसभेच्या ठरावात घ्या आणि कंपनीकडून लेखी मागा. आपत्कालीन आराखड्यात आपल्या गावाचं नाव आहे का, मॉक ड्रिल म्हणजे संकटाचा सराव गावात घेणार का, तेही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. हे १९६२ च्या पाइपलाइन कायद्याखाली होतं, त्यात जमीन जात नाही, सातबारा तुमचाच राहतो, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो आणि त्यासाठी तुमचा होकार लागतोच असं नाही. मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के, शिवाय पिकाची-झाडांची नुकसानभरपाई वेगळी. त्या पट्ट्यात पीक घेता येतं, पण घर, विहीर, शेततळं, झाड काहीच नाही, म्हणजे डाळिंबाची बाग त्या पट्ट्यात करता येणार नाही, कायमची. १० टक्के मला तरी कमीच वाटतात. हरकत घ्यायची तर अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवस असतात, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी, आणि त्यांना तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तुमच्या ह्यांना म्हणावं, भांडायचं तर इथे भांडा. विहीर किती लांब, घरं किती जवळ, लाइन बांधाकडून नेता येते का, नकाशासकट लिहा. आणि चर बुजवताना वरची काळी माती वेगळी ठेवून वरच टाका हे उभं राहून करून घ्या, खालचा मुरूम वर आला की पुढची कित्येक पिकं मार खातात.

मुलाने जावं. पण हेल्पर म्हणून नाही, पाइप वेल्डिंगची सिक्स-जी (6G) टेस्ट, म्हणजे तिरका बसवलेला पाइप न फिरवता जोडायची परीक्षा, देऊन वेल्डर म्हणून, मग लाइन पुढे गेली तरी त्याचं काम त्याच्याबरोबर जाईल. आणि त्याला एवढं सांगा की जोड खराब वाटला तर घाईत पुढे ढकलायचा नाही, कापून परत करायचा, सुपरवायझर ओरडला तरी.

प्रश्न: आमच्या शेताखालून जुनी तेलाची लाइन आहे, पिवळे खांब आहेत. मागच्या पावसाळ्यात डिझेलसारखा वास आला, काहीजण म्हणाले झिरपत असेल तर कॅन भरून घेऊ. कुणाला सांगायचं तेच कळेना. (नांदगाव तालुका)

उत्तर: कॅन घेऊन कुणीही जायचं नाही, लहान पोरं तर अजिबात नाही. मेक्सिकोत त्लावेलिल्पान गावात १८ जानेवारी २०१९ ला चोरट्यांनी फोडलेल्या लाइनमधून पेट्रोलचं कारंजं उडत होतं, शेकडो लोक बादल्या घेऊन चरात उतरले, दोनेक तासांनी भडका उडाला आणि १३० च्या वर माणसं गेली. पेट्रोलची वाफ जमिनीलगत, सखल भागात साचते, दिसत नाही. वास आला की गळतीपासून लांब, वारा जिकडून येतोय त्या बाजूला व्हा, मोटार, बाईक, विडी, काही पेटवू नका, तिथे उभं राहून मोबाइलही वापरू नका. पिवळ्या खांबावर किलोमीटर आणि फोन नंबर लिहिलेला असतो, त्याचा फोटो आजच काढून ठेवा. लांब गेल्यावर आधी त्या नंबरवर किलोमीटर सांगून फोन, मग ११२. वास नुसता आल्यासारखा वाटला तरी फोन करा, आणि केलेल्या फोनची तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा.