सगळं पेलेटमध्ये जातंय? जोड आणखी घट्ट करू नका

तुमचा प्रश्न असा: आपोआप जुळून पोकळ पिंजरा बनवणारं प्रोटीन डिझाइन करताना ट्रायमरच्या (तीन साखळ्यांच्या प्रोटीनच्या) पृष्ठभागावर नवा जोड, म्हणजे दुसऱ्या तुकड्याला चिकटणारी जागा, बसवला, रचनेचा अंदाज देणाऱ्या अल्फाफोल्डने पिंजरा झकास दाखवला, पण ई. कोलाय जिवाणूत बनवल्यावर सगळं प्रोटीन पेलेटमध्ये, म्हणजे न विरघळता तळाशी बसणाऱ्या गाळात. आता जोड आणखी घट्ट करू का?

नको. तुमचा जोड आधीच नको तितका चिकट असणार. पिंजरा बंद व्हायचा तर चुकीच्या जागी बसलेला तुकडा सुटून पुन्हा नीट बसता आला पाहिजे. माझ्या पहिल्या डिझाइनमध्ये मी ल्युसिन आणि फेनिलअॅलनिन हे पाणी टाळणारे (जलविरोधी) अमिनो आम्लांचे अवशेष हौसेनं भरले होते. ते जोडीदार भेटण्याआधीच दिसेल त्याला चिकटले. जोडाचा गाभा तसाच ठेवा, कडेचे दोन-तीन जलविरोधी अवशेष बदलून विद्युतभार असलेलं लायसिन किंवा ग्लुटामेट घाला. अमिनो आम्लांचा क्रम सुचवणाऱ्या प्रोटीनएमपीएनएन प्रोग्रॅमला तेवढ्याच जागा मोकळ्या द्या. शिवाय पेशी 18 अंशांवर रात्रभर वाढवून बघा, फुकटचा उपाय आहे.

त्यानेही जमलं नाही तर दोन वेगळ्या घटकांच्या पिंजऱ्याकडे वळा. सिएटलच्या बेकर-किंग या प्रोटीन डिझाइन करणाऱ्या मंडळींचा आय53-50 पिंजरा बघा: 20 ट्रायमर, 12 पेंटामर (पाच साखळ्यांचे), एकूण 120 साखळ्या. दोन्ही वेगवेगळे वाढवायचे, शुद्ध करायचे आणि मग नळीत एकत्र करायचे. कोणता अर्धा भाग बिघडलाय हे लगेच कळतं. तिथेही पेंटामर एकटा नीट विरघळत नव्हता, त्याचा पृष्ठभाग सुधारावा लागला. याच सांगाड्यावर करोनाच्या आरबीडीच्या (विषाणूच्या काट्याचा पेशीला चिकटणारा भाग) 60 प्रती बसवलेली लस 2022 मध्ये दक्षिण कोरियात मंजूर झाली.

दोन प्रोटीन लवचीक ग्लायसिन-सेरिन दुव्यानं जोडायचा विचारही तुम्ही मांडलाय. त्यात कोन हातात राहत नाही, आणि कोन सुटला की बंद पिंजऱ्याऐवजी हवी तशी वाढणारी जाळी मिळते. प्रोटीनच्या पिंजऱ्यांवर काम करणाऱ्या यीट्सच्या प्रयोगशाळेनं 2001 मध्ये डायमर (दोन साखळ्यांचं प्रोटीन) आणि ट्रायमर जोडायला ताठ हेलिक्स (मळसूत्री दुवा) वापरला तो म्हणूनच. तरी त्यांचा 12 साखळ्यांचा पिंजरा क्रिस्टलमध्ये दिसायला 2012 उजाडलं!

एक जाता जाता: पिंजरा बनला का हे, प्रोटीन आकारानुसार वेगळी करणाऱ्या सुपरडेक्स 200 स्तंभावर तपासू नका. एवढा मोठा पिंजरा आणि नुसता गोळा, दोन्ही व्हॉइडमध्येच (स्तंभातून सगळ्यात आधी बाहेर पडणाऱ्या भागात) येतात, आणि आपण आलेखातलं शिखर बघून पेढे वाटतो. सुपरोज 6 स्तंभ घ्या, मग निगेटिव्ह स्टेन करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

आणि प्रेरित न केलेल्या (तुमचं प्रोटीन बनवायला न लावलेल्या) पेशींचा लायसेट, म्हणजे पेशी फोडून मिळालेला रस, जेलवर शेजारी चालवलाय ना? तुम्ही पाठवलेल्या जेलच्या फोटोत तो लेन दिसला नाही.