पहिले प्रिंटेड इलेक्ट्रोड करताना

ग्लुकोज-स्ट्रिपसारख्या सेन्सरसाठी वाहक शाईने शीटवर इलेक्ट्रोड छापायचे तर महागडी मशीन घेऊ नका. सुरुवातीला १०० ते १७५ मायक्रॉनची पॉलिएस्टर शीट, कार्बन इंक, थोडी सिल्व्हर इंक आणि छपाईची जाळी (स्क्रीन) एवढं पुरतं. ठाण्यात किंवा तुर्भ्यात लेबलं छापणारा स्क्रीन प्रिंटर गाठा, पण त्याची नेहमीची काळी शाई नको. ती वीज वाहत नाही.

छापण्याआधी कोरी शीट क्युरिंगच्या (शाई तापवून पक्की करण्याच्या) तापमानापेक्षा थोडी जास्त तापवून घ्या. नाहीतर पहिल्या थरानंतर ती आकसते आणि दुसरा थर जागेवर बसत नाही. कार्बनचा थर इंकवाल्याच्या डेटाशीटप्रमाणे पूर्ण वाळवा. वरून कोरडा दिसला तरी आत सॉल्व्हंट अडकलेलं असतं, मग रेझिस्टन्स चढतो. मल्टिमीटर लावून बघाच.

रेफरन्ससाठी (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचं त्या इलेक्ट्रोडसाठी) सिल्व्हरच्या टोकावर ब्लीचचा थेंब मिनिटभर ठेवा, करडा-तपकिरी झाला की धुवा. सिल्व्हरच्या वाहक पट्ट्या मात्र इन्सुलेशनखाली पूर्ण झाका. द्रावण लागलं की चांदीचाच करंट येतो आणि नवखा त्यालाच सिग्नल समजतो.

एन्झाइम (सेन्सरमध्ये नेमका पदार्थ ओळखणारं प्रथिन) लावायची घाई नको! आधी ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ५ मिलिमोलर फेरिसायनाइड घेऊन सायक्लिक व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज पुढे-मागे फिरवत करंट मोजणं) करा. जाताना आणि येताना करंटची जी दोन शिखरं दिसतात, त्यांच्यातलं आदर्श अंतर (पीक-अंतर) ५९ मिलिव्होल्ट. छापील कार्बनमध्ये ते बरंच जास्त येतं, कारण बाइंडर (शाई धरून ठेवणारा चिकट घटक) तिच्यातल्या ग्राफाइटला झाकतो.

पावसाळ्यात इथली हवा फार दमट; तयार पट्ट्या सिलिका जेलसकट झिप पाऊचमध्येच ठेवा.